खालची तार

१

शरणप्पा लाईनमन विजेचा शॉक बसून मेला, आणि तो मेला तेव्हा गल्लीत वीज नव्हती.

अहमदपुरात मोंढ्याच्या मागं ती गल्ली आहे. दुपारी अवकाळी वादळ झालं, गारा पडल्या, लिंबाची एक फांदी मोडून तारांवर आली. खांबावर एकाखाली एक ताणलेल्या तारांपैकी सगळ्यात खालची तुटली. शरणप्पा आला तेव्हा ढग सरून ऊनही पडलं होतं. त्यानं आधी डीपीवर, गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जाऊन लाईन बंद केली आणि तिथले फ्यूज काढून स्वतःच्या पिशवीत टाकले. मग तो जयाच्या दारात आला, कारण जनरेटरचा आवाज तिच्याच घरामागून येत होता.

जयाची सासू सरस्वतीबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होती. वीज गेली की म्हातारीचा श्वास अडकायचा, म्हणून जनरेटर घेतलेला. जयानं त्याला मीटरजवळचा चेंजओव्हर स्विच दाखवला. शरणप्पानं तो वर-खाली करून पाहिला.

"हे बेस केलं ताई," तो म्हणाला. "एकीकडं लाईन, एकीकडं जनरेटर. दोन्ही एकमेकाला भेटतच न्हाईत. असंच ऱ्हाऊ द्या."

नंतर त्यानं गल्लीत दारोदार सांगितलं, कुणी लाईनला काही जोडू नका, मी वर चढायलो. पट्टा आवळला आणि चढला. तारेला टेस्टर लावून पाहिला. तार थंड होती. हे खाली उभ्या असलेल्या चार माणसांनी पाहिलं.

जया सासूच्या उशाशी बसली होती. बाहेर गलका झाला म्हणून ती दारात आली, तर शरणप्पा पट्ट्यावर लोंबकळत होता. मान एका बाजूला पडली होती. त्याला खाली उतरवलं, छाती दाबली, जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. फ्यूज अजून त्याच्या पिशवीतच होते.

म्हणजे वीज डीपीकडून आली नव्हती. मग आली कुठून?

जमावात कुणीतरी म्हणालं, जनरेटर तर एकाच घरात चालू होता. हळूहळू सगळी तोंडं जयाच्या दाराकडं वळली. तिच्या घरामागं जनरेटर अजून धडधडत होता, आणि तो बंद करावा तर आत म्हातारीचा जीव.

२

तो जनरेटर महेबूबनं बसवला होता. महेबूबच्या घराण्यात आजोबापासून बिजलीचं काम. जयाचा नवरा भारत एसटीच्या वर्कशॉपात होता. त्याला वाटलं होतं, जनरेटर आणायचा, व्हरांड्यात ठेवायचा आणि दोन्ही टोकाला पिना असलेली वायर भिंतीतल्या प्लगात खोचायची, झालं घर चालू. महेबूबनं कपाळाला हात लावला होता. ती वायर नव्हे, फास आहे म्हणाला. घरात खोचलेली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, खांबावर जाते, आणि खांबावर माणूस असतो. व्हरांड्याचंही त्यानं ऐकलं नाही. धुरातल्या वायूनं बंद खोलीतली माणसं झोपेतल्या झोपेत जातात, त्याला वासही नसतो. म्हणून जनरेटर परसात, खिडक्यांपासून लांब, कुंपणाच्या बुटक्या भिंतीला धरून चौथऱ्यावर बसवला. वर पत्र्याचं छप्पर, बाजू मोकळ्या. वेगळं अर्थिंग. आणि तो चेंजओव्हर.

त्याच महेबूबला संध्याकाळी पोलिस चौकशीला घेऊन गेले. चुकीची जोडणी करून माणूस मारला, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. शरणप्पाच्या गावाहून माणसं आली. ती जयाच्या घरासमोर नुसती उभी राहिली. भारतनं कडी लावली. दाराच्या फटीतून जयाला त्यांचे पाय दिसत होते. ते पाय बराच वेळ हलले नाहीत.

ती माणसं गेल्यावर महेबूबची बायको बेगमबी मागच्या दारानं आली. ओढणीचं टोक दातात धरून ती म्हणाली की नवऱ्यानं घरून जाताना एवढंच सांगितलं, मी काम बरोबर केलंय. मग ती म्हणाली, तुम्ही रोज जनरेटर चालवता, तुम्हाला काही दिसलं असंल तर सांगा.

जया बोलणार होती. भारतनं तिच्याकडं पाहिलं आणि ती थांबली. तिला खरंच काहीतरी माहीत होतं.

दुपारी, शरणप्पा वर असताना, जनरेटरचा आवाज बदलला होता. एकाएकी जड झाला, चढावर बैलानं मान टाकावी तसा. पंखा मंदावला. ऑक्सिजनचं मशीन पिपपिप वाजू लागलं.

बेगमबी गेल्यावर तिनं नवऱ्याला ते सांगितलं. भारतनं मागचं दार लावून घेतलं.

"हे कुणाला बोलू नको," तो म्हणाला. "आपल्या जनरेटरवर कशाचा तरी भार आला, असाच ह्याचा अर्थ निघंल. तो माणूस मेला तेव्हाच."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरहून विद्युत निरीक्षक आल्या. गीतांजली त्यांचं नाव. चाळिशीच्या, ठेंगण्या, पायात जाड रबरी तळाचे बूट. तपास होईपर्यंत लाईन होती तशी बंद ठेवा, तारेला कुणी हात लावू नका, असं त्यांनी आदल्या दिवशीच फोनवरून बजावलं होतं. ऑक्सिजनसाठी जयाचा जनरेटर मात्र चालू ठेवायला सांगितला होता. गल्ली त्याला शिव्या देत होती आणि तो रात्रभर चालला होता. दर थोड्या वेळानं थांबवून, थंड होऊ देऊन जया पेट्रोल भरत होती. तेवढ्यापुरतं म्हातारीला छोट्या सिलिंडरवर घ्यावं लागायचं, तो फार वेळ पुरत नसे.

बाईंनी स्विच उघडला. वायर अन् वायर तपासली. अर्थिंगचा खड्डा पाहिला. मीटरपासून खांबाकडं गेलेल्या तारेला त्यांनी स्वतःचं यंत्र लावलं, जनरेटर चालू असताना. काटा हलला नाही.

"काम चोख आहे," त्या म्हणाल्या. "ह्या स्विचमधून एक कणही वीज बाहेर जात नाही. शिवाय तुमचं कनेक्शन वरच्या तारेवर आहे. तो मेला खालच्या तारेवर."

जयाचा जीव भांड्यात पडला. भारतनं तर भिंतीलाच पाठ टेकली.

बाई मात्र तिथंच उभ्या होत्या. खिडकीतून परसातल्या जनरेटरकडं बघत होत्या.

"पण वीज कुठून तरी आली," त्या हळू बोलल्या. "आणि गल्लीतलं प्रत्येक माणूस मला सांगतंय की चालू जनरेटर हा एकच होता."

४

खालची तार जिथं तुटली तिथून गल्लीच्या टोकापर्यंत तिचा एक तुकडा उरला होता. डीपीकडच्या बाजूला शरणप्पानं साखळी टाकून ती जमिनीला जोडली होती. वीज येणार ती तिकडूनच, असं कुणीही धरून चाललं असतं. हा इकडचा तुकडा मेलेला, त्यावर फक्त दोन कनेक्शनं. एक गुरुपादप्पाची पिठाची गिरणी, दुसरं शेषेरावांचं घर.

बाईंनी जयाला सोबत घेतलं. गल्लीची माणसं ओळखीच्या तोंडाशी बरं बोलतात, असं म्हणाल्या. जयाला जायचं नव्हतं, तरी ती गेली.

गुरुपादप्पाकडं गिरणीचा मोठा जनरेटर होता, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचा संशय त्याच्यावरच होता, कारण चारच दिवसांपूर्वी मीटरवरून त्याचं आणि शरणप्पाचं कडाक्याचं भांडण झालेलं. तो रागानं आणि भीतीनं लाल झाला होता. काल आपण निलंग्याला पुतणीच्या लग्नात होतो, गिरणीला कुलूप होतं, असं सांगून त्यानं जनरेटरच्या पेटीचं झाकण उघडलं. आत बॅटरीची जागा रिकामी. बॅटरी चार्जिंगला दिलेली होती. बाईंनी दुकानात फोन लावला, बॅटरी तिथंच होती. एवढं मोठं धूड बॅटरीशिवाय चालू होत नाही.

शेषेराव शांत माणूस. घराच्या पुढच्या खोलीत जनावरांच्या औषधांचं दुकान, बायको लेकीच्या बाळंतपणाला किल्लारीला गेलेली. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या. शरणप्पाचं नाव निघताच डोळे टिपले. आपल्याकडं जनरेटर नाही, कधी नव्हता, बाईंनी घराची झडती घ्यावी, असं ते म्हणाले. बाईंनी खरंच घेतली. जनरेटर नव्हता. एक छोटा इन्व्हर्टर होता आणि आतल्या कोनाड्यात जनावरांच्या लशींनी भरलेला फ्रिज.

"घटसर्पाच्या लशी हायत. पावसाळ्याच्या आधी टोचाव्या लागतात," शेषेराव म्हणाले. "काल इन्व्हर्टरवर कशाबशा टिकवल्या. त्या महेबूबनं मात्र गल्लीचं नाव पार धुळीला मिळवलं."

परत येताना जयाला वाटलं, आता राहिलं ते आपलंच घर. गिरणी नाही, शेषेराव नाहीत. ती सासूजवळ जाऊन बसली. बाई दारात उभ्या होत्या. म्हातारीनं मानेनंच त्यांना जवळ बोलावलं.

"बाई, तुम्ही लाईटवाल्या का," सरस्वतीबाई दम खात म्हणाल्या. "काल दुपारी लाईट आल्ती. म्या हात जोडले. ह्या पोरीला सांगितलं, तर ही म्हणती, आत्याबाई, लाईट न्हाईच."

जया ओशाळून म्हणाली की म्हातारीला अधूनमधून भास होतात. बाई पलंगाजवळ वाकल्या. म्हातारीच्या डोळ्यांच्या रेषेत त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथून बुटक्या भिंतीपलीकडचं शेषेरावांचं परसदार दिसत होतं, आणि दारावरचा एक उघडा बल्ब.

"कुठला दिवा लागला होता, आजी?"

म्हातारीनं बोट केलं. त्याच बल्बाकडं.

५

बाई ओसरीवर येऊन बसल्या. त्यांनी चहा नको म्हटलं. जया खांबाला धरून उभी होती. आत भारत खोकला. ती खूण होती, गप्प राहा अशी.

जयाच्या डोळ्यांसमोर बेगमबीचं तोंड आलं. ठाण्यात बसलेला महेबूब आला. आपण बोललो तर कदाचित आपलंच घर जाईल, नवरा जाईल, आणि जनरेटर जप्त झाला तर म्हातारीही जाईल. पण न बोलता ह्या घरात राहायचं, रोज तो आवाज ऐकायचा, ह्याची तिला त्याहून जास्त भीती वाटली.

"मॅडम," ती म्हणाली, "काल जनरेटर जड झाला होता."

आतला खोकला थांबला. तिनं सगळं सांगितलं. पंखा मंदावला ते, मशीन पिपपिप वाजलं ते.

बाईंनी मान वर केली. "मग? जडच राहिला?"

"न्हाई. परत हलका झाला."

"आता नीट आठवा. आधी आवाज हलका झाला, का आधी बाहेर गलका झाला?"

जयानं डोळे मिटले. सासूच्या पाठीवर हात होता. मशीन वाजत होतं. बाहेर कुणीतरी ओरडलं, शरणप्पा, शरणप्पा. ती उठली, उंबऱ्यापाशी आली, आणि मग मागं जनरेटर एकदम मोकळा झाल्यासारखा धावू लागला.

"आधी गलका," ती म्हणाली. "मग हलका झाला."

बाई उठून परसात गेल्या. जनरेटरला दोन सॉकेट होते. एकातून घराची वायर निघत होती. दुसरा रिकामा, त्यावर रबराची टोपी असते. ती उघडी लोंबत होती. जयाला आश्चर्य वाटलं, कारण पावसाचं पाणी जाईल म्हणून महेबूबनं ती कायम बंद ठेवायला सांगितली होती आणि ती ठेवतही होती. कालपासून तिनं पेट्रोलच तेवढं भरलं होतं, पलीकडच्या बाजूला वाकून बघायचं भान कुणाला होतं. बाईंनी भिंतीच्या माथ्यावरून बोट फिरवलं. गेल्या पावसाळ्यातलं वाळकं शेवाळ एका जागी वायरीएवढ्या रुंदीत खरवडलेलं होतं.

"जनरेटर तुमचाच होता," बाई म्हणाल्या.

"पण स्विच तर तुम्हीच तपासला," जया म्हणाली.

"वीज तुमच्या स्विचमधून गेली नाही. भिंतीवरून गेली."

६

बाईंनी शेषेरावांच्या दुकानात एवढंच सांगितलं की इन्व्हर्टर लावून दाखवा. दारात गल्ली जमली होती. कॉन्स्टेबल होता. गुरुपादप्पाही येऊन उभा होता.

शेषेरावांनी इन्व्हर्टर लावला. दुकानातली ट्यूब लागली, पंखा फिरला. बाईंनी परसदारच्या बल्बाचं बटण दाबलं. बल्ब लागला नाही. फ्रिजजवळच्या प्लगात टेस्टर घातला, तोही पेटला नाही. इन्व्हर्टरची जोडणी फक्त पुढच्या खोलीपुरती होती.

"काल दुपारी हा बल्ब लागलेला होता," बाई म्हणाल्या. "लाईन बंद, इन्व्हर्टरची वायर इथवर नाही, तुमच्याकडं जनरेटर नाही. मग उरतं एकच. कुणीतरी शेजारच्या जनरेटरमधून वायर आणून ह्या घरातल्या भिंतीतल्या प्लगात खोचली. त्यानं सगळं घर जिवंत झालं. फ्रिज, बल्ब, मीटर. आणि मीटरमधून पुढं खांबावरची ती खालची तार. तिच्यावर दुसरा काहीच भार नव्हता, म्हणून छोट्या जनरेटरलाही ती पेलली. शरणप्पानं तपासली तेव्हा ती थंड होती. त्याच्या हातात असताना ती जिवंत झाली."

बाईंनी बल्बाचं बटण बंद केलं.

"आणि बाहेर गलका झाल्याबरोबर वायर काढली गेली. जयाताईंनी जनरेटरचा आवाज ऐकलाय. आधी गलका, मग आवाज हलका. ज्यानं काढली त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आपल्या हातून काय झालं."

शेषेराव फ्रिजवर हात ठेवून उभे होते. मग तो हात आपोआप खाली आला.

ते सांगू लागले तेव्हा आवाज इतका बारीक होता की दारातली माणसं पुढं सरकली. भारतकडं त्यांनी पूर्वी जनरेटरवरून तार मागितली होती. गल्लीत अजून दोघांनी मागितली होती, आणि भारतनं सगळ्यांनाच नाही म्हटलं होतं, मशीनपुरताच जोर आहे म्हणून. काल लशी तापू लागल्या. गणपतीच्या मांडवासाठी केलेली, दोन्ही टोकाला पिना असलेली वायर घरात पडलेली होती. फ्रिजची पिन मागं, तो कोनाड्यातून ओढून काढायचा तर कंबर धरते, म्हणून ती भिंतीतच खोचली. मेन बंद करायचं ध्यानातच आलं नाही. लाईन तर बंदच आहे, असं वाटलं.

"शरणप्पा दारात येऊन सांगून गेला होता," बाई म्हणाल्या.

"व्हय."

"आणि महेबूबचं नाव का घेतलंत?"

शेषेराव परसात गेले. वायर त्यांनी स्वतःच काढून दिली, कडब्याच्या गंजीतून.

जया तिथून निघाली. आपण सुटलो, महेबूब सुटणार, हे तिला कळत होतं, पण भीती काही गेली नव्हती. आतापर्यंत भीती होती ती गावाहून आलेल्या अनोळखी पायांची. आता भीती वाटत होती ती वीस वर्षं भिंतीवरून कोथिंबीर देणाऱ्या हाताची.

७

पुढच्या आठवड्यात जया आणि बेगमबी मिळून शरणप्पाच्या गावी भेटायला गेल्या. उदगीरच्या वाटेवर फाटा आहे, तिथून जीप. शरणप्पाची बायको चांगुणा खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पाव्हणेरावळे खूप होते. अंगणात मांडव टाकलेला. बेगमबीचा हात चांगुणानं थोडा वेळ धरून ठेवला.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, बायकांनी पदर हलवायला सुरुवात केली. अंगणात कुणीतरी दोरी ओढली आणि जनरेटर धडधडू लागला. लगेच पंखा फिरायला लागला.

जयानं पंख्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं. खिडकीतून एक वायर आत आली होती आणि भिंतीतल्या प्लगात खोचलेली होती. मांडववाल्यानं आणलेली असणार. मीटर दारामागंच होतं, त्याचं मेन तसंच चालू होतं. बाहेर रस्त्यापलीकडं खांब होता.

ती उठली. दुखवट्याचं घर, सगळी अनोळखी माणसं, आणि आपण कोण, तर त्याच गल्लीतल्या. दोन म्हाताऱ्या तिच्याकडं रोखून बघू लागल्या. ती चांगुणापाशी जाऊन वाकली आणि कानात सांगितलं, ज्या वायरीनं ते गेले, ही तसलीच आहे.

चांगुणाला आधी उमगलं नाही. मग तिनं वायरीवर नजर टाकली, तिथून पंख्यावर, आणि तिचा चेहरा बदलला. ती ताडकन उठली, प्लगाकडं झेपावली. जयानं तिचा दंड घट्ट धरला.

"तसं न्हाई. पिन उघडी ऱ्हाती, तिच्यात वीज असती. आधी जनरेटर."

दारातून चांगुणाचा दीर विचारत होता, काय झालं, पंखा ऱ्हाऊ द्या की, माणसं उकाड्यानं बेजार हायत. बेगमबी त्याच्या आडवी उभी राहिली.

चांगुणा अंगणात आली. नवरा गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती. उन्हानं तिचे डोळे मिटत होते. जनरेटरपाशी बसून तिनं जयाकडं पाहिलं.

"कुठलं दाबू?"

जयानं लाल बटण दाखवलं. चांगुणानं ते दाबलं आणि आवाज बंद पडेपर्यंत बोट काढलं नाही.